समासातलं अक्षर

केमी गावात डिसेंबरचा सूर्य
नुसती हजेरी लावून जातो.
मी रात्रभर रस्त्यांवरचा बर्फ ढकलतो,
पहाटे चारला गाडी लावून घरी येतो
तर काइसू जागीच.
समोर काळी कॉफी, दुसरा खंड,
पान चारशे बारा.

"हे बघ," मी बूट न काढताच म्हणायचो,
"नावाडी दोर बांधतो तो डाव्या हातानं.
आणि थाल्मार राजा डावखुरा होता,
पहिल्या खंडात, मेजवानीच्या गडबडीत,
अर्ध्या ओळीत सांगून टाकलंय.
राजा बुडाला म्हणतात. प्रेत कुणी पाहिलं?
इथंच पाणी मुरतंय."

"नदीच्या गोष्टीत पाणी मुरणारच, आर्ने.
कुणीतरी त्याला गाठ मारायला शिकवलं असेल.
शिकवणारा डावखुरा होता,
सिद्ध होतं ते एवढंच. बूट काढ."

अकरा वर्षं हा खटला चालला.
राणी इस्रीथच्या अंगठीतला खडा
तिसऱ्या खंडात हिरवा, पाचव्यात निळा.
मी म्हटलं, राण्या दोन आहेत, जुळ्या.
ती म्हणाली, लेखकाला डुलकी लागली.
मी वह्या भरल्या, वंशावळी काढल्या,
कोण कुणाकडे पाहत नाही
याचा तक्ता फ्रिजवर लावला.
ती फक्त समासात लिहायची, पेन्सिलीनं.

मग बातमी आली, सातवा खंड येतोय.
पुन्हा पहिल्यापासून वाचायचं ठरलं,
आणि तिची टिपणं माझ्या वहीत उतरवायला
मी तिचे सहा खंड टेबलावर ओळीनं उघडले.

पहिल्यात अक्षर ऐसपैस,
समास ओलांडून छापील ओळीत घुसलेलं:
"नाही! आर्ने साफ चुकतोय!"
तिसऱ्यात जरा अंग चोरून.
पाचव्यात मुंग्यांची रांग.
सहाव्यासाठी मला भिंग काढावं लागलं.

आधी वाटलं, जागा वाचवतेय.

मग कॉफीचा कप आठवला.
दोन हिवाळे तो डाव्या हातात होता.
उजवा हात स्वेटरच्या खिशात.
कोटाची बटणं जाऊन चेन आली होती.
विणकाम बंद. का, विचारलं तर
म्हणाली, लोकर महाग झालीय.
आणि मी ते मान्य केलं,
मी, ज्यानं एका राजाच्या मरणावर
अकरा वर्षं विश्वास ठेवला नाही.

औलूच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला,
कोणतंही एक वाक्य लिहा म्हणाल्या.
काइसूनं लिहिलं, तांदळाच्या कणीएवढं:
"नावाडी राजा नाही."
बाईंनी चष्मा पुसून वाचलं
आणि विचारलं, कोण नावाडी?
आम्ही दोघांनी पाव तास समजावलं,
एकमेकांचं बोलणं तोडत.
बाहेर पेशंट खोळंबले होते.
बाईंनी त्या कणीचं माप घेतलं.
आजाराचं नाव मग सांगितलं,
अगदी हळू.

आता सातवा खंड आलाय.
रोज दहा पानं. ती बोलते, मी समासात लिहितो,
माझं अक्षर म्हणजे नांगरलेला रस्ता,
ती म्हणते, शोभा गेली पुस्तकाची.
नावाडी अजून ऐलतीरावरच आहे.
लेखकाला घाई नाही. आम्हालाही नाही.

सकाळी फिरायला निघताना
मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधतो.
माझी गाठ तिला पटत नाही.
ती वाकते, डाव्या हातानं हवेतच दाखवते,
असा फास, असा वळसा, मग ओढ.
मी तसंच करतो, त्याच हातानं.
आता घट्ट बसते.

परवा पायऱ्यांवर शेजारच्या हिल्लानं पाहिलं,
म्हणाली, "आर्ने, तू डावखुरा आहेस,
हे मला माहीतच नव्हतं."

काइसू काही बोलली नाही.
वळून नदीकडे बघत उभी राहिली,
तिचे खांदे हसत होते.