बर्फाची जाडी

लिबान म्हणाला, "प्लॅटफॉर्म बदलतोय ना तुमचा,
सगळं नाही येणार."
मला आधी रेल्वेचा फलाटच दिसला,
कुओपिओचा, उणे एकोणीस,
आणि गाडी सुटताना लक्षात यावं
की एक पेटी समोरच्या बाजूला राहिली.

नंबर आले. सातशे बारा फोटो आले,
त्यातले साठ माझ्याच बुटांचे, चुकून काढलेले.
निरोप नाही आले.
"जुन्याची भाषा आता कोणी बोलत नाही,"
असं म्हणत त्या पोराने नव्या काचेवरची धूळ
फुंकर मारून उडवली.

जुना मुठीत मावायचा.
फिरत्या ग्रंथालयाची बस चालवते मी, तेवीस वर्षं;
थांब्यावर एका हातात कप,
दुसऱ्या हाताचा अंगठा एकटाच
चारही कोपरे फिरून यायचा.
हा वीतभर.
डोळ्यांसाठी घेतला. अक्षरं आता ठसठशीत,
बालविभागातल्या पुस्तकांसारखी,
पण वरचा डावा कोपरा
अंगठ्याला परमुलूख.
मागे जायचं बटण होतं तिथे काहीच नाही,
कडेवरून बोट सरकवायचं म्हणे.
मी रिकाम्या काचेला टोचत राहते.
पडेल अंगवळणी, म्हणतात सगळे.
अंगाला वळण लागायचं वय
मागच्याच कुठल्यातरी थांब्यावर उतरून गेलं.

कोटाचा खिसा उसवला,
जुन्या पडद्याचा तुकडा जोडून
चार बोटं खोल केला.

मग रात्री, स्वयंपाकघरात,
जुना तारेला लावला
(तार काढली की तो मान टाकतो)
आणि तौनोचे निरोप वहीत उतरवायला बसले.
पेन्सिलीने, तारखांसकट.
धाकटा भाऊ. कल्लावेसीच्या काठाला राहतो.
दर हिवाळ्यात तळ्याला भोक पाडायचा, पट्टी लावायचा, कळवायचा:
"अकरा. थांब अजून."
"सतरा. पायी ये."
"एकतीस. कॉफी आण."
"बेचाळीस. मोटार चालेल. तुझी बस नको."
नऊ हिवाळे. अडीच पानं.
आम्ही दोघं एकमेकांशी
एवढंच बोललो होतो, आणि मला वाटायचं
केवढं बोलतो.

शेवटच्या निरोपात सेंटिमीटर नाहीत.
"होडी विकली. विचारायला हवं होतं तुला, माहीत आहे."
त्याखाली माझं उत्तर.
इथे पेन्सिलीचं टोक मोडलं असं सांगितलं
तर शोभून दिसेल.
नाही मोडलं.
मी ते उतरवलंच नाही.

नव्यात तौनोचं नाव आहे,
नावाखाली कोरी काच.
ना होडी, ना बाबांनी तिला लावलेला डांबराचा वास,
ना मी जे लिहिलं ते.
दुकानदाराने चुकून जास्त सुटे परत द्यावेत
आणि आपण दारापाशी घुटमळावं,
तशी मी त्या कोऱ्या जागेसमोर.

दोन्ही हातांनी धरला, ताट धरावं तसा.
दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं: "किती आहे?"

तासभर काही नाही.
कढई घासली. गरज नव्हती तरी परत घासली.
मग टेबलावर एवढा उजेड झाला
की छतावरचा कोळ्याचा धागासुद्धा दिसला:

"अडतीस. पण कोण बोलतंय?
फोन बदलला मी. नावं आली नाहीत."

म्हणजे त्याच्याकडेही कोरंच.
तीन वर्षं ज्याच्यावर पाय ठेवला नाही
ते तिकडे त्याचं तो
अडतीसपर्यंत जाड झालेलं.
अडतीसवर माणूस चालतो. स्टूल टाकून बसतोही.

हिल्का, असं लिहिलं.
पुसलं.
लिहिलं:
"कॉफी आणू का?"