छातीपर्यंत

मंगळवारी दुपारी फोनवर फोटो आला:
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी.
मी सातपूरला, तिसऱ्या मजल्यावर पेपर तपासत होते,
नदीपासून इतकी लांब की तिचा आवाजही येत नाही.
तरी चिंतामण तांबटांना फोन लावला.
म्हटलं, छातीला लागलंय. भांडी वर घ्या.

त्यांनी घेतली.
घंगाळं, पराती, समयांची खोकी,
एक थोरला हंडा दोघांनी धरून माडीवर.
तासाभरानं भांडीबाजारात पाणी शिरलं.

रात्री फोटो पुन्हा उघडला,
खरं सांगायचं तर स्वतःच्याच कौतुकानं.
कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीची रसवंती दिसली.
ती तर महापालिकेनं गेल्या वर्षीच उचलली.

म्हणजे ते पाणी जुनं.
आणि या पुरानंही नेमकी छातीच गाठली,
त्याच दुपारी, मला न विचारता.

सांगितलं ते खरं होतं.
माझा त्यावर विश्वास होता.
पुरावा होता, हातात धरलेला.
मग कमी काय पडलं?

नववी 'ब'च्या गठ्ठ्यात हे रोज भेटतं:
रीत चुकलेली, उत्तर बरोबर.
दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं नि पोरगं पैलतीरी.
मी अर्धे गुण देते,
समासात लाल पेनानं लिहिते, कसं आलं?

चार दिवसांनी गेले. गाळ, फिनेलचा वास.
तांबट म्हणाले, बाई, तुम्हाला माहीत होतं म्हणून निभावलं.
मला माहीत नव्हतं, म्हटलं.
मग सांगितलंत कसं?
फोटो दाखवला, रसवंती दाखवली.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
म्हणाले, हंडा तर कोरडा आहे ना.

आणि बसले ठोकायला.
तांब्याचा आवाज कुठंतरी बदलतो, ते थांबतात.
कधी थांबायचं ते त्यांना पक्कं ठाऊक.
का, ते सांगता येत नाही.
समासात काय लिहू?

येताना घाटावर उतरले.
मारुतीच्या छातीवर चिखलाची रेघ, वाळत आलेली.
एक तोंड इकडे, एक तिकडे.
तो नुसता भिजतो,
बोलतं ते गाव, त्याच्यावरून.

रेघेपर्यंत माझा हात पोचेना.
छत्री उंचावली. टोक लागलं,
थोडा चिखल माझ्याच चष्म्यावर पडला.
मागून पालिकेचा टँकर
घाट धूत धूत जवळ येत होता.