बिनविरोध

हातमोजे मी धुवायचे. पांढरे, सुती, बारा जोड.
लग्न होऊन कामिसुगेत आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात
सासूबाईंनी बादली पुढे सरकवली:
आपल्या घरात मतं इथून येतात.

मामंजी, कुमेझो, सहा वेळा नगरसभेत.
गाडीच्या खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर,
कर्ण्यातून स्वतःचंच नाव शंभरदा, दोनशेदा,
आणि रस्त्यात चिटपाखरू नसलं
तर भाताच्या खाचरांना वाकून नमस्कार.
मी हसले एकदा. तर म्हणाले,
पलीकडच्या बांधावर कुणीतरी ओणवं असतं, सूनबाई.
ते मान वर करतं तेव्हा आपण वाकलेलो नसलो
तर चार वर्षं लक्षात ठेवतं.

त्यांनी पूल आणला.
सतरा वर्षं प्रांताच्या कचेरीचे उंबरठे झिजवले,
साहेबांच्या घरी वाळवलेल्या काकी फळांच्या माळा पोचवल्या
(ओवायच्या मी).
पूल झाला. फीत कापली. फोटोत मामंजींचे डोळे मिटलेले आले.
पहिल्याच वसंतात लाकूडवाल्या ओकेयांचा ट्रक
कपाटं, आजोबा, मांजर, सगळं घेऊन
पुलावरून गेला तो गेलाच.
मग दातांचा डॉक्टर.
मग शाळेतले मास्तर.
मग शाळा.

फळीवर दारुमा मांडलेले:
हात नाही, पाय नाही, नुसतं पोट आणि दटावणं.
अर्ज भरला की एक डोळा रंगवायचा,
निवडून आलं की दुसरा.
सहा जण दोन्ही डोळ्यांनी आमच्या जेवणाकडे बघत असतात.
सातवा काणा. तो माझ्या नवऱ्याचा.

तादाहिसा अकरा मतांनी पडला.
म्हणजे सहा माणसं इकडची तिकडे. फार नाही.
त्या रात्री अंथरुणात पडून मी घरं मोजली.
साकेच्या दुकानातली ती दोघं, ज्यांच्या दारातला दिवा
आम्ही लावतो म्हणालो आणि लावला नाही.
नदीकाठच्या हात्सुएच्या घरची तिघं:
तिच्या म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला आमचं पाकीट गेलं, आम्ही नाही गेलो.
झाली पाच.
सहावं कुणाचं ते मोजावं लागलं नाही.
आमच्याकडे नाव हाताने लिहायचं असतं.
पुठ्ठ्याच्या आडोशाला, दोरी बांधलेल्या पेन्सिलीने
मी समोरच्या माणसाचं नाव लिहिलं होतं,
सुवाच्य, एकही रेघ न चुकता.
त्या वर्षी बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.
एवढंच कारण होतं, की आणखी काही,
ते अजून मला नीट सांगता येत नाही.
तादाहिसा अळंबी लावायला लागला. रात्री झोपायला लागला.

आणि आता सायोरी. ओसाकातली नोकरी सोडून आली,
म्हणाली, मी उभी राहते.
कशासाठी, विचारलं तर म्हणाली, बस बंद होतेय, त्यासाठी.
जागा आठ. अर्ज आठ.
संध्याकाळी पाच वाजता कचेरीची खिडकी बंद झाली
आणि माझी मुलगी निवडून आली.
मतदान नाही. कर्णा नाही.
चौकातल्या फळ्यावर फोटो चिकटवायचे चौकोन आखले होते,
तो फळा अंधार पडायच्या आत दोघांनी उचलून नेला.
दोरीवर बारा जोड वाळत होते, बोटं खाली करून.

दुसऱ्या दिवशी तिने त्यातला एक जोड घातला
आणि गाडी घेऊन दारोदार फिरली. त्र्याऐंशी घरं.
विचारत होती, मत असतं तर कुणाला दिलं असतंत?
लोक गोंधळले. कुणी मुळे दिले, कुणी हसलं,
एका आजोबांनी तिला कुमेझो समजून पुलाबद्दल आभार मानले.
वाटेत रानडुकरांच्या कुंपणाआड पडीक खाचरं,
तिथेही उतरून वाकली म्हणे.
मी विचारलं नाही का.

रात्री उशिरा आली. मोजे काळे झालेले.
आठवा दारुमा फळीवर, दुसरा डोळा कोरा,
शाई वाळत चाललेली.
आई, ती म्हणाली, तुझं एकच घर राहिलंय.
तू कुणाचं नाव लिहिलं असतंस?

बादली भरून ठेवलेली होती.
मी आधी मोजे मागितले.