तीन इंच कमी

चौदा फुटांचा हा ट्रेलर मी घेतला
रॉलिन्सच्या पलीकडे, एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडून,
नऊशे डॉलर आणि एक चालू चेन-सॉ देऊन.
आत मेंढ्यांचा वास नव्हता. उंदरांचा होता.

लिनोलियम उचललं तर खालचा प्लाय
चहात बुडवलेल्या पावासारखा बोटाला लागून आला.
खिडकी गळत होती, किती हिवाळे कोण जाणे.
उपसण्यात तीन रविवार गेले,
मग उरल्या पत्र्याच्या कातडीखाली पाइनच्या बरगड्या,
आणि एका बरगडीवर
कुणीतरी पेन्सिलीने मांडलेली बेरीज,
हातचा एक विसरलेली.
ती चूक तशीच ठेवून मी वरून भिंत लावली.

गुण्या लावून पाहिला. एकही कोपरा काटकोनात नाही,
तरी चारी भिंती पन्नास वर्षं
गुण्यागोविंदाने नांदलेल्या.
पाणसळ ठेवली की बुडबुडा दाराकडे पळायचा.
शेजारचा ऑर्व्हल स्ट्रॅन्डबर्ग म्हणाला,
"ट्रेलरमध्ये सरळ असं काही नसतं.
पहिलं जे ठोकशील त्यालाच सरळ म्हणायचं,
बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं."
ऑर्व्हलच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली.
माझं नऊ टिकलं.

पहिला ठोकला तो कोरीनचा बंक.
गॅरेजच्या चौकटीवर तिची खूण आहे, तारखेसकट:
पाच फूट एक इंच.
ऑगस्टमधली, पण गेल्या वर्षीची नव्हे, त्याआधीची.
गेल्या उन्हाळ्यात ती आली नाही.
वर तीन इंच सोडले,
वाढत्या अंगाचं शिवावं तसे.

उशाशी बारा व्होल्टचा दिवा.
त्याचं बटण दोनदा हलवलं,
झोपेत हात पोहोचतो का ते
स्वतः आडवा होऊन, गुडघे पोटाशी घेऊन पाहिलं.
वळणावर बशा उडू नयेत म्हणून कपाटांना चुंबक,
बरण्यांना इलॅस्टिक,
टेबल उतरवलं की माझा पलंग.
पडद्याच्या दुकानातली बाई म्हणाली, मुलीला कुठला रंग आवडतो?
मी बराच वेळ थानांकडे बघत उभा राहिलो.
पिवळा घेतला.

जूनमध्ये टूसॉनहून बस आली.
एक उंच पोरगी उतरली, मी बाजूला सरलो,
तिच्या मागून कोरीन उतरेल म्हणून.

पाच फूट सात.

त्या रात्री, तळ्याकाठी, "मस्त आहे, डॅड," म्हणाली,
पाहुणे म्हणतात तसं.
मग रात्रभर ऐकत होतो,
कूस बदलताना तिचा गुडघा भिंतीवर आपटायचा,
आणि ती हळूच भिंतीलाच "सॉरी" म्हणायची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
पण हे अंथरूण कापलं कुणी होतं?

सकाळी कॉफीआधी जिगसॉ काढली.
बंकच्या पायथ्याला भांड्यांचं कपाट,
बर्चचं, सहा हात व्हार्निश दिलेलं,
अख्ख्या ट्रेलरमध्ये आवाज न करता मिटणारी
एकच गोष्ट.
"नको ना, इतकं छान झालंय," ती म्हणाली.
"झोप. तळवे टेकव."
पेन्सिल अंगठ्याभोवती फिरवताना तिला गुदगुल्या झाल्या,
रेघ वाकडी गेली, मी तशीच कापली.
ती व्हॅक्यूमची नळी धरून बसली होती,
भुसा केसांत, नाकावर,
आणि मधेच, मी न विचारता,
तिने गेल्या उन्हाळ्याचं सगळं सांगितलं,
करवतीच्या आवाजात. निम्मं ऐकू आलं.
मी करवत बंद केली नाही.
बंद केली असती तर ती थांबली असती.

आता रात्री तिचे पाय कपाटात झोपतात,
दोन पातेली आणि बिडाच्या तव्यामध्ये,
लोकरी मोजे घालून, कारण तवा गार लागतो.
सकाळी अंडी फोडून ठेवतो,
कपाटाच्या दारावर टकटक करतो.
"उजवा पाय उचल जरा.
तवा हवाय."