कणकुंबीच्या पुढं

दगड परत द्यायला गेले, नऊ वर्षांनी.
पिशवीत, रुमालात गुंडाळून,
शेजारी कुंद्याचा डबा.
जांबोटीपर्यंत बस भरलेली होती,
पुढं मी, कंडक्टर, आणि कोंबड्यांची एक टोपली.

तेव्हा आम्ही बँकेतले सहाजण होतो.
कड्यावर पोचलो आणि ओळीनं
दरीकडं पाठ करून उभे राहिलो.
फोटोत दरी छान आली आहे.
पाहिली कुणी, आठवत नाही.

सड्यावर सोनकी इतकी
की पाय कुठं ठेवायचा, प्रश्न पडावा.
आम्हाला पडला नाही.
चुन्याच्या रेघेपलीकडं
शकू हलगेकरनं तर लोळून घेतलं.
मी फक्त एक दगड उचलला,
काळा, मुठीत मावणारा, भोकाभोकांचा.

भूगोलाच्या बाई सांगायच्या,
हा सगळा मुलूख एकदा रटरटत होता, पिठल्यासारखा.
ही भोकं म्हणजे
फुटायचे राहून गेलेले बुडबुडे.

नऊ वर्षं त्यानं माझ्या टेबलावर
चलनं, पावत्या, कुणाकुणाचे अर्ज
पंख्याखाली उडू दिले नाहीत.
गोकाकला बदली झाली, तोही आला.
रिटायर होताना ड्रॉवर उपसला,
स्टॅपलर बँकेचा, पेन बँकेचं,
आणि हा?

पत्र्याच्या शेडमध्ये भरमाणी गावडे, वॉचर.
"पिशवीत काय हाय? प्लास्टिक?"
मी रुमाल सोडला.
तो हसला नाही. दगड उलटा करून बघितला,
पोटाकडनं, जनावर बघावं तसा.
"कुठनं उचललासा?"
मी हात केला. तिकडं सगळीकडं सारखंच पिवळं.
"तेच की ओ.
ह्याच्या खाली उन्हाळ्यात बेडूक बसतंय, गारव्याला.
त्यानं कवाच दुसरा दगड बघिटला असंल.
आता हा परत ठेवायचा म्हटलं
तर कुणाच्या तरी डोक्यावरच ठेवायला होतंय."

मग कडा बघितला. रेघेच्या अलीकडून.
खाली गोव्याचं रान, त्यावर एका ढगाची सावली
सावकाश चाललेली, कुणी हाकत नसताना.
हुबळीची पोरं स्पीकर लावून आली,
भरमाणी एवढंच म्हणाला, "बंद माड्री."
बंद झाल्यावर कळलं
वारा किती वेळ बोलत होता.

शेडमध्ये वही फडफडत होती:
नाव, गाव, किती जण, परतायची वेळ.
त्यानं दगड तिच्यावर ठेवला.
"राहू दे हितंच. कामाची सवय हाय त्याला."

मी लिहिलं, एक जण. चारची बस.
कुंदा दोघांनी मिळून संपवला.
डबा मी परत आणला.