नादा

चिलोए बेटावर आम्ही शब्दांची शेपटं गिळतो.
पाद्री होड्यांवर पाणी शिंपडतो आणि शेवटी म्हणतो,
यांना 'माल'पासून राख. माल म्हणजे वाईट.
एदेल्मिरा लहानपणापासून म्हणत आली :
यांना 'मार'पासून राख.
मार म्हणजे समुद्र.

नव्या पाद्र्याने तिला एकदा थांबवलं,
खडूने लिहून दाखवलं.
ती म्हणाली, असेल बाबा. पण इथं वाईट दुसरं आहे काय?
बाप त्याने नेला, दीर त्याने नेला.
लोकरीचे मोजे विणले, किती ते मोजले नाहीत.
पाद्री गप्प. पुढच्या वर्षी, मी स्वतः ऐकलंय,
त्याचाही 'ल' जरा डळमळला.

मी बंदराच्या रेडिओवर. बावीस वर्षं.
खरखरीतून शब्द वेचायचे,
मसुरातून खडे वेचावेत तसे.
आमच्यात 'ओला' म्हणजे नमस्कार,
आणि 'ओला' म्हणजेच लाट.
पहाटे होड्या एकेक करून म्हणतात, ओला, ओला,
मी वहीत हजेरी लावतो.
कुणाची, ते विचारू नका.

त्या ऑगस्टात नोल्बेर्तोची होडी परतली नाही.
तिसऱ्या रात्री एदेल्मिरा माझ्या दारात,
हातात त्याचा थर्मास, भरलेला.
गस्तीच्या बोटीला मी विचारलं.
एकच शब्द आला,
तोच मी वळून तिला दिला :
नादा.

नादा म्हणजे काही नाही.
नादा म्हणजे पोहतोय.
शाळेतली पोरं यावरून एक कोडं घालतात, माशाचं.

तिचा चेहरा सैल झाला,
भिजलेल्या दोराची गाठ एकदाची सुटावी तसा.
"पोहतोय," ती म्हणाली.
आमच्या गावात कुणालाच पोहता येत नाही. त्यालाही येत नव्हतं.
"शिकला म्हणायचा शेवटी."

रेडिओचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.
दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.
मी सोडलेलंच ठेवलं.

सात वर्षं झाली.
अजून येते, गुरुवारी, फडक्यात उकडलेले बटाटे घेऊन.
काही कळलं का, विचारते.
मी खरखर थोडी वाढवतो
आणि तोच शब्द देतो, जमेल तितका पुसट.
ती मान हलवते.
दमला असेल, म्हणते,
आणि जाताना खुर्चीच्या पाठीवर
कोरडा टॉवेल टाकून जाते.