डावीकडून चौथी

मंगळवारी चॅपलच्या मागच्या खोलीत
आम्ही सहा जण बसतो. हीटर एकच.
टेबलावर बिस्किटांचा डबा, त्यात बिस्किटं नाहीत,
कारखान्याच्या हजेरीचे बिल्ले आहेत,
पितळी, नंबर घासलेले.
एल्वेड ते दर आठवड्याला मोजतो,
जणू कुणी रात्रपाळीवरून परतायचं राहिलंय.

आज एक फोटो आलाय, कुणाच्या तरी माळ्यावरून,
काजळीसकट.
पत्र्याच्या कारखान्यातल्या बारा बायका,
कातडी एप्रन, डोक्याला फडकी,
पुढे पाटी, पाटीवर खडूनं साल: १९११.

या बायका पत्रे सोडवायच्या.
तापवून लाटलेले, दुमडून पुन्हा लाटलेले,
घडीच्या पोळीसारखे
आठ-आठ पदर चिकटून यायचे,
ते एकेक हातानं उचकटायचे.
या पोळीला धार असायची, एवढंच.
मग तेजाब, मग पामतेलाची कढई, मग कथलाची कल्हई,
आणि आरशासारखा झालेला पत्रा
गोदीतून जायचा बोस्टनला, रंगूनला,
कुणी त्यात मासे भरत, कुणी रॉकेल.

बारा बायका. अकराजणींचे हात पाठीमागे.
फोटोवाल्यानं सांगितलं असेल, एल्वेड म्हणतो.
काइनवेन हसते. त्र्याण्णव वर्षांची, दात स्वतःचे.
"सांगावं लागत नाही रे.
चॅपलमध्ये भजनाचं पुस्तकसुद्धा
हातमोजे घालून धरायच्या त्या."

चौथीचे हात मात्र पुढे. उघडे.
चेहरा हललेला, धुरासारखा.
कार्डावर मी लिहिलं होतं: अनोळखी.

काइनवेन भिंग मागते.
बराच वेळ बोलत नाही. हीटर टिकटिकतो.
मग म्हणते, "ही मार्गेड.
मार्गेड दोन-मिनिटं."

सांगायला हवं: या गावात जोन्स इतके होते
की आडनाव असून नसल्यासारखं.
पोस्टमनही टोपणनावानं पत्रं वाटायचा.
एक जोन्स कोंबडा, एक जोन्स अर्धा-पेला,
टेकडीवरचे दोघे भाऊ, जोन्स वरचा आणि जोन्स खालचा,
ज्यांचं आपसात बोलणं नव्हतं.
आणि ही. भोंगा झाल्यावर दोन मिनिटांनी
उतारावरून धावत येणारी,
दर शनिवारी पगारातून दंड कापून घेणारी,
कारण घरी लकवा झालेला बाप,
त्याला आधी भरवायचं.

"फोटोलाही उशीरच झाला असणार तिला,"
काइनवेन म्हणते,
"हात लपवायला वेळ मिळाला नाही."

कुणीच काही बोलत नाही.
एल्वेड चष्मा पुसतो, पुसलेला पुन्हा पुसतो.
कपबशा विसळताना मला हळूच सांगतो:
मागच्या मंगळवारी शाळेच्या फोटोतही
तिला मार्गेड दिसली होती.
त्याआधी बँडच्या फोटोत, मोठ्या ढोलामागे,
आणि तो तर सगळा पुरुषांचा बँड.

कारखान्याच्या जागी आता सुपरमार्केट आहे.
लाटायच्या यंत्राचं अजस्र चाक
चौकात हिरवं रंगवून ठेवलंय,
आऱ्यांमधून नगरपालिकेची पॅन्सीची फुलं.
मुलं त्यावर चढतात, चढू नये अशी पाटी आहे.
घरी जाताना मी टोमॅटोचा डबा घेते,
ओट्याशी उभी राहून झाकणाची कडी ओढते,
आणि बोट कापतं.
दरवेळी कापत नाही. आज कापलं.

कार्ड पिशवीतच राहिलंय.
डाव्या हातानं, पेन्सिलीनं,
अनोळखी खोडून लिहिते: मार्गेड.
आडनाव सोडून देते.
अक्षर वाकडं आलंय, येऊ दे.
पुढे प्रश्नचिन्ह घालायचं की नाही
ते मंगळवारी ठरवू.
एल्वेड म्हणेल, घाल.
काइनवेनला विचारू, ती आली तर.